वीरूचा ट्रक एका सेल्फात

…नाही, मले एक गोष्ट सांगा राजेहो, थंडी काय फक्त माह्याच अंगणात पडते काय? मधात एक भिंत आहे, ती बी छातीएवढी, भिंतीच्या इकडं मी अन् तिकडं वीरू, वरतं आभाळ एकच, कडूनिंब एकच, त्याचा पाला दोघांच्या ट्रकावर सारखाच पडते, मंग दव काहून सारखं पडत नाही? सकाळी मी उठतो, कानाले मफलर गुंडाळतो, देवाचं नाव घेतो, केबिनमंधी चढतो, चाबी फिरवतो, अन् ट्रक काय म्हणते? घर्र… घर्र… घ… अन् चूप. जसा म्हाताऱ्याले खोकला यावा अन् खोकता खोकताच झोप लागावी. अन् वीरूचा ट्रक? एका सेल्फात. तुमाले सांगतो, भुर्रकन, एका सेल्फात!

बरं, वीरूचा ट्रक नवा असता तं म्या म्हटलं असतं, जाऊ दे, नवा आहे. पण नाही ना. दोन्ही ट्रक एकाच कंपनीचे, एकाच सालचे, एकाच लिलावातून आणलेले. आमी दोघं संगंच गेलतो, म्या डाव्या हाताचा घेतला, त्यानं उजव्या हाताचा. घेऊन येतानी सौसरपर्यंत मी पुढं अन् वीरू मांगं, त्याच्या सायलेन्सरमधून असा काळा धूर निघे की मले त्याची कीव येऊन राहिली होती. म्या बायकोले सांगितलं बी होतं घरी येऊन, म्हटलं, प्रेमलता, वीरू फसला बिचारा. आता तीच प्रेमलता सकाळी खिडकीत उभी राहून म्हणते, “अवो, वीरेंद्रभाऊ निघाले बी. तुमी अजून इथंच?” मले दिसत नाही काय की मी इथंच आहो? मी काय ट्रकात बसून फोटो काढून राहिलो?

मंग काय, धक्का. आमच्या गल्लीले आता सवय झाली आहे. शाळेचे संदीप मास्तर येतात, स्वेटर, त्यावर दुसरं स्वेटर, हातात कडूनिंबाची काडी. दूधवाला सायकल लावते. समोरची सुचिताबाई आपल्या मालकाले ढकलून बाहेर काढते, “जा ना, पुंडलिकभाऊचा ट्रक उभा आहे.” हे असे धा-बारा जण मांगून लागतात. मास्तर काय करतात, एक बोट लावतात ट्रकाले, फक्त बोट, अन् ओरडतात इतके की सारी गल्ली जागी होते, “जोर लगाके… हैशा!” वरतून भाषण. “पुंडलिकराव, थंडीत डिझेल घट्ट होते, विज्ञान आहे हे.” म्या म्हटलं, मास्तर, विज्ञान वीरूच्या टाकीत काहून जात नाही? तं ते काडी चावत म्हणाले, “तो अभ्यासाचा विषय आहे.”

आता धक्क्यानं सुरू होते ना, मंग रडतो कायले, असं तुमाले वाटून राहिलं असेल. बरोबर आहे. पण ऐका ना. रामाकोन्याचे मुकुंदशेठ आहेत, त्यांचा संत्र्याचा बगीचा, असा बगीचा की रस्त्यानं जाताना ड्रायव्हर लोक मान वळवून पाहतात. त्यांचा माल इतके सालं माह्याच ट्रकानं पांढुर्ण्याच्या मंडीत गेला. बगीच्यात माहा ट्रक घुसला की बाया म्हणत, आला पुंडलिकभाऊ, चहा ठेवा. मंडीत माहा ट्रक लागला की लोक म्हणत, मुकुंदशेठचा माल आला. मतलब माहं नाव अन् त्यांचा संत्रा, दोन्ही एकाच खोक्यात. अन् यंदा शेठ मले म्हणतात, अगदी गोड आवाजात म्हणतात, “पुंडलिकराव, तुमचं मन मोडाचं नाही, पण माल तोडून पडला असते अन् तुमी धक्क्याची वाट पाहत असता. सोमवारपासून मोठी तोड आहे. उजाडाच्या आत जो ट्रक बगीच्यात उभा राहील, बहाराचा सारा माल त्याचा. म्या वीरेंद्रले बी सांगितलं आहे.”

वीरेंद्रले बी सांगितलं आहे! म्हणजे माह्या जागी आता बाया त्याच्यासाठी चहा ठेवतील. काहून की वीरूचा ट्रक? एका सेल्फात.

मंग लागलो ना मी कामाले. जो सांगेल ते केलं. कोणी म्हटलं, रेडिएटरमंधी ऊन पाणी टाका. टाकलं. बायकोनं आंघोळीसाठी तापवलेलं पाणी उचललं अन् नेऊन ओतलं. ट्रक म्हणे घर्र… घ… प्रेमलता म्हणे, “आता मी आंघोळ कायनं करू, डिझेलनं?” दोघंही बंद पडले, ट्रक बोलेना, बायको बोलेना. कोणी म्हटलं, इंजिनावर पांघरूण घाला. घरातली मोठी दुलई काढली, लग्नातली, अन् बोनेटवर अंथरली. ट्रक रात्रभर दुलईत, आमी दोघं एका चादरीत. ती रात्रभर म्हणून राहिली, “मले कधी अशी पांघरली काय?” सकाळी ट्रक ऊबेत असा झोपला की घर्र बी म्हटलं नाही. हातपंप मारून मारून डिझेलची हवा काढली. हवा माहीच निघाली. फिल्टर बदलला. ऑइल बदललं. सारं केलं. अन् भिंतीच्या पलीकडं? वीरू बनियनवर बाहेर येते, बनियनवर, या थंडीत, हातात चहाची बशी, एक घोट घेते, चढते, चाबी फिरवते… एका सेल्फात. अन् वरून मले पाहून हॉर्न वाजवते. रामराम म्हणून वाजवते म्हणे. मले काय समजत नाही काय तो हॉर्न कोणता आहे?

मंग गेलो गजानन मिस्त्रीकडं. गजाननचं दुकान बोरगावच्या फाट्यावर आहे, त्याच्या तोंडात सदा तंबाखूचा खर्रा, त्याच्यामुळं तो बोलत कमी अन् इशारे जास्त करते. त्यानं बॅटरी काढली, चार्जिंगले लावली, रात्रभर आपल्या दुकानात ठेवली. सकाळी आणून बसवली. अन् काय सांगू तुमाले, भुर्र! एका सेल्फात! माह्या डोळ्यात पाणी आलं राजेहो. म्या मुद्दाम बंद करून परत सुरू केला, परत बंद केला, परत सुरू केला, वीरू बाहेर येईपर्यंत. तो आला तं त्याले म्या हॉर्न मारला. रामराम.

दुसऱ्या दिवशी सकाळी? घर्र… घ…

गेलो परत. गजाननं खर्रा थुंकला, म्हणजे गोष्ट गंभीर होती. म्हणे, “पुंडलिकभाऊ, बॅटरी चांगली आहे. माह्या दुकानात राहिली तं भरलेली, तुमच्या घरी राहिली तं खाली. रात्री गाडीत काही चालू राहते काय?”

म्या म्हटलं, काय चालू राहील? टेप बंद, पंखा बंद, हेडलाइट बंद, मी काय पोट्टा आहो काय आजचा?

“पक्कं ना?”

पक्कं म्हणजे? माहा ट्रक, मले नाही माहीत? काहीच चालू राहत नाही.

अन् खरंच सांगतो, म्या खोटं नाही बोललो. तुमी बी असते तं तेच म्हटलं असतं. आता तुमाले तो देवाचा किस्सा सांगा लागते. यंदा दसऱ्याले काय झालं, दोघांनी ट्रक धुतले, हार घातले, नारळ फोडले. वीरूनं केबिनमंधी एक नन्हासा दिवा लावला, बोराएवढा, देवाच्या फोटोखाली. अन् साऱ्या बाया तिकडं. “किती छान दिसते वो!” माह्या ट्रकाकडं कोणी पाहेना, माह्या गेंद्याचे हार सुकून चालले. म्या म्हटलं, अस्सं काय? गेलो पांढुर्ण्याले. आता पांढुर्णा काही आधीचं नाही, जिल्हा झाला आहे, साऱ्या वस्तू भेटतात. तिथून आणली जामसावळीच्या मारुतीची मोठी तसबीर. तो मारुती झोपलेला आहे, तुमाले माहीत आहे. त्याच्या भोवताल चक्र, मोटरवर फिरणारं, त्या चक्राले लाल, पिवळे, हिरवे बल्ब, असली बल्ब, हात लावला तं पोळते. अन् म्या तार लावली ती डायरेक्ट बॅटरीवर. लावणारा म्हणे स्विच लावू? म्या म्हटलं, बावळट आहेस काय बे, देवाले स्विच असते काय कुठं? देवाचा दिवा काय आपण झोपताना फूक मारून विझवतो?

तवापासून तो दिवा दिवस-रात्र चालू. संध्याकाळी बाया येतात, पोरं येतात, खाली उभं राहून हात जोडतात. सुचिताबाई तं चप्पल काढून येते. अन् वीरूच्या अंगणात? कोणी नाही. त्याचा तो बोराएवढा दिवा, तो बी तो रात्री तार काढून बंद करते, दिवाळीलेच पाहिलं होतं म्या. म्या मनात म्हटलं, याची भक्ती पाहा, रात्री सुट्टी घेते. तं सांगाचा मुद्दा असा की गजाननं विचारलं रात्री काही चालू राहते काय, तवा म्या आठवून पाहिलं, खरंच आठवलं, पण देव माह्या डोक्यात आलाच नाही. टेप चालू राहते, पंखा चालू राहते. देव काय चालू राहते? देव असते.

मंग माह्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बॅटरी गजाननच्या दुकानात चांगली राहते, माह्या अंगणात मरते. माह्या अंगणाच्या बाजूले कोण राहते? समजलं ना? नजर. वीरूची नजर. लिंबू बांधलं, मिरच्या बांधल्या, काळी भावली बांधली, मांगून एक फाटकी चप्पल बी लटकवली. वीरू भिंतीवरून वाकून पाहे अन् म्हणे, “भाऊ, चप्पल मजबूत आहे, फेकू नका.” म्हणजे पाहा. नजर लावते अन् चपलेवर बी डोळा.

अन् गुरुवारी, मोठ्या तोडीच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी लाइट गेली. साऱ्या सौसरची गेली असेल, गल्ली तं एकदम काळी ठिक्कर. अन् त्या अंधारात एकच गोष्ट चमकून राहिली होती, माहा मारुती. चक्र फिरून राहिलं, लाल, पिवळा, हिरवा, भिंतीवर, कडूनिंबावर, संदीप मास्तरच्या टकलावर. सारी गल्ली माह्या अंगणात. मी ट्रकाले टेकून उभा, छाती बाहेर. प्रेमलता माह्या बाजूले येऊन उभी राहिली, लय दिवसांनी अशी जवळ, अन् हळूच म्हणे, “अवो, साऱ्या गावाची लाइट गेली, तरी आपला देव चालूच आहे. कायवर चालते हो हा?”

म्या म्हटलं, बॅटरीव…

अन् तोंड उघडंच राहिलं माहं. ती म्हणे, काय झालं? म्या म्हटलं, काही नाही, थंडी वाजून राहिली.

तुमाले सांगतो, आतल्या आत म्या इतक्या शिव्या दिल्या, साऱ्या मलेच. म्हणजे वीरूपेक्षा मोठा दिवा पाहिजे म्हणून मी रात्रभर आपल्याच बॅटरीचं रक्त काढून राहिलो होतो! लोक घरी गेले की पाना घेतला, केबिनमंधी चढलो, तार सोडाची म्हणून हात घातला, अन् तेवढ्यात भिंतीवरून आवाज. “भाऊ.”

वीरू होता. एकटाच. दोन्ही हात भिंतीवर, हनुवटी हातावर, अन् पाहून राहिला माह्या देवाकडं. म्हणे, “भाऊ, एक बोलू? राग नका मानू. तुमच्या या दिव्यामुळं माह्या घरात जेवण गोड लागत नाही. माही बायको छाया रोज म्हणते, पाहा, पुंडलिकभाऊचा देव कसा झळकते, अन् तुमचा पाहा, जसा उपाशी आहे. मी सकाळी एका सेल्फात ट्रक सुरू करतो, ती खिडकीत बी येत नाही. तुमचा ट्रक बंद पडते तं सारी गल्ली येते.”

राजेहो, माह्या हातातला पाना तिथंच राहिला. वीरू! वीरू माह्यावर जळून राहिला होता! ज्याच्या बनियनवर मी जळलो, ज्याच्या चहाच्या बशीवर मी जळलो, तो माह्यावर! मले इतकं बरं वाटलं ना, लग्नात बी वाटलं नव्हतं. अन् मंग त्यानं विचारलं, “कुठून आणला भाऊ? इतवारी जातो मी पांढुर्ण्याले. तार कशी लावाची?”

आता खरं सांगाचं तं एक शब्द पुरला असता. म्हटलं असतं, वीरू, स्विच लाव. पण माह्या तोंडून काय निघालं? म्या म्हटलं, “डायरेक्ट लाव. बॅटरीवर. अन् रात्री तार काढू नको, देवाले कोणी स्विच लावते काय, वीरू?” तो म्हणे, बरोबर आहे. भोळा आहे बिचारा.

माहा हिशेब एकदम साफ होता. इतवारी संध्याकाळी वीरूचा दिवा लागणार. रात्रभर जळणार. मी काय करणार, इतवारी जेवून झालं की गुपचूप आपली तार काढून ठेवणार, एका रात्रीपुरती, मारुतीरायाची माफी मागून. सोमवारी सकाळी त्याचा घर्र… अन् माहा एका सेल्फात. बगीच्यात मी, चहा माहा, बहार माहा. म्या इतवारी सकाळीच गजाननकडून बॅटरी फुल करून आणली. शुक्रवार, शनिवार मी रस्त्यानं चालताना मधातच हसत होतो. प्रेमलता म्हणे, डोक्यावर थंडी बसली काय?

इतवारी वीरू पांढुर्ण्याहून आला. खोका उतरवला. लावलं. अन् बटन नाही दाबलं, बटन नव्हतंच, तार टेकवली…

काय सांगू तुमाले. माहं चक्र थाळीएवढं, त्याचं परातीएवढं. माह्या चक्राले एक मोटर, त्याच्याले दोन, एक चक्र इकडं फिरे, एक तिकडं. वरतं लाल अक्षरात “जय श्रीराम”, ते लुकलुक करे. अन् खालून धीमी धीमी आरती वाजे, टेपवर, आपोआप, संपली की परत सुरू. सारी गल्ली तिकडं. सुचिताबाईनं चपला माह्या अंगणात काढल्या अन् दर्शनाले त्याच्या अंगणात गेली! संदीप मास्तर म्हणाले, “भव्य.” मले कधी भव्य नाही म्हणाले. अन् माही प्रेमलता, माही बायको, भिंतीशी उभी राहून हात जोडून म्हणते, “कसं मंगल वाटते वो इथं.”

जेवण झालं. पाना घेऊन ट्रकात चढलो. आता फक्त तार काढाची. एक तार, राजेहो. ती काढली की उद्याचा बगीचा माहा. हात लावला बी. अन् मान वळवून पाहिलं तं भिंतीच्या पलीकडं एवढा झगमगाट, अन् माही तार निघाली की माह्या अंगणात काय? काळोख. लोक काय म्हणतील? पुंडलिकचा देव विझला. वीरूचा लागला अन् पुंडलिकचा विझला. छाया खिडकीतून पाहील. वीरू उद्या विचारेल, “भाऊ, तुमचा बिघडला काय?” तो “बिघडला काय” मले आतापासूनच ऐकू येऊन राहिला होता. नाही जमलं ना बाप्पा. नाही जमलं. पाना खिशात टाकला, मारुतीरायाले हात जोडले अन् उतरलो. म्या स्वतःले म्हटलं, बॅटरी आजच फुल केली आहे, एक रात्र काय होते?

सोमवार. अजून अंधारच. थंडी अशी की दात आपोआप बोलून राहिले. मी केबिनमंधी, वीरू त्याच्या केबिनमंधी, बनियनवर नाही, शाल घेऊन. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. चाबी फिरवली.

घर्र… घ… हा माहा.

अन् पलीकडून… घ… बस. घर्र बी नाही. फक्त घ! अन् आरती चालता चालता रडल्यासारखी होऊन बंद पडली. तुमाले सांगतो, साऱ्या थंडीत पहिल्यांदा माह्या अंगात ऊब आली. वीरूचा ट्रक बंद! म्या खिडकीतून डोकं काढून ओरडलोच, या हो, धक्का मारा! निघाले ना सारे, मास्तर निघाले, दूधवाला निघाला, सुचिताबाईचे मालक निघाले, स्वेटर, मफलर, कानटोप्या, नुसती रांग येऊन राहिली गल्लीतून, मी आत तयार, गिअर टाकून, क्लच दाबून, रामाकोन्याचा रस्ता डोळ्यापुढं…

अन् ती रांग माह्या ट्रकासमोरून सरळ निघून भिंतीच्या पलीकडं गेली.

म्या म्हटलं, अहो मास्तर! इकडं! रोजची सवय विसरले काय? तं मास्तर थांबले, तोंडातली काडी काढली, अन् मले समजवून सांगतात, शाळेतल्या पोट्ट्याले सांगावं तसं, “पुंडलिकराव, थोडं थांबा. तुमचं नेहमीचंच आहे. पण त्याच्या गाडीत एवढा मोठा देव आहे, तो बंद कसा ठेवावा? मोठ्या देवाले पहिले धक्का.”

अन् त्या धक्क्यात सर्वांत पुढं कोण होतं म्हणता? प्रेमलता. पदर खोचून. ज्या बाईनं माह्या ट्रकाले आजवर एक बोट लावलं नाही, ती ओरडून राहिली, “जोर लगाके…!” मी क्लचवर पाय ठेवून बसलो, पाय आखडला, चक्र फिरून राहिलं डोक्यावर, लाल, पिवळं, हिरवं, पाहाले कोणी नाही.

आता मुकुंदशेठचा बहार वीरू नेते. बगीच्यात बाया त्याले चहा ठेवतात म्हणे, दोन चमचे साखर टाकून. माहा रोजचा धक्का आहेच, त्याचं झालं की माहा नंबर लागते, लोक हैशा म्हणतात पण तो जुना जोर नाही राहिला. आता तर तुमाले बी माहीत आहे, मले बी माहीत आहे की तार काढली की माहा ट्रक सुरू होईल. पण मी नाही काढणार. तो काढत नाही ना, मंग मी काहून काढू? तो काढेल त्या दिवशी मी काढीन. तोपर्यंत चालू द्या, थंडी काही जन्मभर राहत नाही. अन् तसं बी माह्या ट्रकाले गल्लीच्या टोकापर्यंत ढकला लागते, मंदिरापर्यंत, कधी कधी त्याच्या पुढं नालीपर्यंत, तवा कुठं तो घर्र म्हणते.

अन् वीरूचा? एका धक्क्यात.